श्रेणी, बलुते आणि बाजार : जुन्नर-आंबेगावच्या भूमीवरून अर्थशास्त्राचा विचार

अर्थशास्त्राचे अध्ययन करणारे आमचे अनेक तरुण उपासक-उपासिका एक प्रश्न सातत्याने उपस्थित करतात. क्रमिक पुस्तकांतून जे अर्थशास्त्र शिकविले जाते त्यात मनुष्य केवळ ग्राहक किंवा विक्रेता म्हणून येतो. जात, वतन, गावकुसाबाहेरची वस्ती यांपैकी कशाचाही त्यात पत्ता नसतो. मग याहून निराळे अर्थशास्त्र आहे काय? असल्यास ते बौद्धांना आपले म्हणता येईल काय?

या प्रश्नाला सामान्यतः दोन प्रकारची उत्तरे दिली जातात. कोणी त्रिपिटकातील चार-सहा सुत्तांची नावे सांगून 'हेच बौद्ध अर्थशास्त्र' असे म्हणतो, तर कोणी शूमाखर यांच्या ग्रंथाचा आधार घेतो. दोन्ही उत्तरे आम्हांस अपुरी वाटतात. प्रस्तुत लेखात आम्ही पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके डोळ्यांसमोर ठेवून हा विषय मांडणार आहोत. या भूमीने दोन हजार वर्षांत आर्थिक व्यवहाराच्या निदान चार रीती पाहिल्या आहेत : लेण्यांच्या शिलालेखांतील श्रेणी, गावगाड्यातील बलुते, डोंगरातील आदिवासींची पडकई आणि आजचा बाजार. त्यांपैकी केवळ शेवटची रीत क्रमिक पुस्तकात सापडते.

नवसनातनवादी विचार

ज्यास आज मुख्य प्रवाहातील अर्थशास्त्र म्हणतात त्याचा पाया १८७० नंतरच्या दशकात घातला गेला. इंग्लंडमध्ये जेव्हन्स व ऑस्ट्रियात मेंगर यांचे ग्रंथ १८७१ मध्ये आणि वालरा यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. वस्तूचे मूल्य तिच्यात खर्ची पडलेल्या श्रमावर अवलंबून नसून, तिच्या शेवटच्या नगापासून उपभोक्त्यास मिळणाऱ्या समाधानावर, म्हणजे सीमान्त उपयोगितेवर अवलंबून असते, असे या मंडळींनी मांडले. मार्शल यांनी १८९० मध्ये त्यास व्यवस्थित रूप दिले. या संप्रदायास नाव मात्र त्याच्या एका टीकाकाराने, व्हेब्लेन यांनी, १९०० मध्ये दिले. मराठी पुस्तकांत त्याचे भाषांतर 'नवसनातनवादी' किंवा 'नवअभिजात' असे करतात. येथील 'सनातन' शब्दाचा आपल्या परिचयाच्या सनातन धर्माशी काही संबंध नाही, हे सांगणे अवश्य आहे. तथापि जे आहे ते स्थिर मानून चालण्याची वृत्ती दोहोंत आढळते, हा योगायोग मात्र मौजेचा आहे.

या विचाराची मांडणी थोडक्यात अशी. प्रत्येक व्यक्तीच्या काही पसंती असतात. त्या कोठून आल्या याची चौकशी करण्याचे अर्थशास्त्रास कारण नाही. साधने अपुरी असतात. प्रत्येक जण आपले समाधान अधिकाधिक वाढवू पाहतो. दोन व्यक्ती स्वेच्छेने विनिमय करतात, तेव्हा दोघांचाही लाभ होतो. असे असंख्य विनिमय मिळून किंमत ठरते आणि त्या किमतीस मागणी व पुरवठा समतोल होतो. लायोनेल रॉबिन्स यांनी १९३२ मध्ये अर्थशास्त्राची व्याख्याच अशी केली की, साध्ये अनेक आणि पर्यायी उपयोगाची साधने अपुरी असताना मनुष्य जी निवड करतो तिचे हे शास्त्र होय.

हे सर्व निरुपयोगी आहे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. जुन्नर तालुक्यातील नारायणगावचा टोमॅटोचा बाजार पाहावा. २०२३ च्या उन्हाळ्यात भाव इतके पडले की कित्येक शेतकऱ्यांस तोडणीचा खर्चही परवडेना. त्याच वर्षी जुलै महिन्यात २० किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. पुरवठा घटला, भाव चढला; भाव पडले म्हणून पुढील लागवड घटते आणि मग पुन्हा टंचाई येते, हे मागणी-पुरवठ्याच्या आकृतीने चांगले समजते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही ही साधने टाकाऊ मानली नाहीत. भारतातील लहान शेतजमिनींवरील त्यांच्या १९१८ च्या निबंधात त्यांनी जमीन, श्रम व भांडवल यांच्या परस्पर प्रमाणाचाच विचार केला आणि दोष केवळ जमिनीच्या आकारात नसून भांडवलाची वाण व शेतीवर पडलेला अतिरिक्त माणसांचा भार यांत आहे असे दाखविले. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाविषयीचा प्रबंध लंडनमध्ये एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिला गेला. ज्याला या शास्त्राचे खंडन करावयाचे आहे त्याने ते प्रथम शिकले पाहिजे, हा धडा त्यांच्या उदाहरणाने मिळतो.

मात्र नारायणगावच्या त्याच बाजारात आकृतीला न दिसणारी एक गोष्ट आहे. भाव दसपट झाला म्हणून तोडणीच्या मजूर बाईची मजुरी दसपट होत नाही. भाव पडला की तिचे काम मात्र सर्वांआधी बंद होते. शेतकरी आणि ती यांच्यातील विनिमय पुस्तकाच्या भाषेत 'स्वेच्छेचा' आहे. पण नकार देण्याची ताकद दोघांची सारखी नाही. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात नेमका हाच मुद्दा मांडला आहे. ज्याच्यापुढे बेकारी आणि उपासमार उभी आहे त्याला मिळालेले करार-स्वातंत्र्य हे वस्तुतः मालकाचे स्वातंत्र्य असते, असे त्यांच्या विवेचनाचे सार आहे. म्हणूनच त्यांनी मूलभूत उद्योग राज्याकडे असावेत, विम्याचा धंदा राज्याचा असावा, शेती हा राज्याचा उद्योग व्हावा आणि जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक पद्धतीने कसण्यास द्यावी, अशी योजना सुचविली. त्या योजनेत जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही शब्द उरत नाहीत.

बलुत्याचा समतोल

बाजार अन्यायी आहे, म्हणून बाजाराबाहेरचे सारे न्यायी, असा निष्कर्ष काढण्याची घाई पुष्कळ जण करतात. मुख्य प्रवाहाला पर्याय शोधणाऱ्या अनेक थोर लेखकांचीही येथेच गफलत झाली आहे. आपल्याला तशी चूक परवडणारी नाही, कारण बाजाराबाहेरची अर्थव्यवस्था कशी असते हे आपल्या आजा-पणज्यांनी भोगले आहे.

बलुते पद्धतीत पैशाने खरेदी-विक्री नव्हती. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, महार यांनी गावाचे काम करावयाचे आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावयाचा. परस्पर गरजांचा मेळ, स्पर्धा नाही, नफ्याचा हव्यास नाही, असे तिचे वर्णन करता येते आणि तसे ते केलेही गेले आहे. परंतु या व्यवस्थेत महाराने मेलेले ढोर ओढावे, वेसकराची पाळी करावी, सरकारी अधिकाऱ्याचा बोजा वाहावा, टपाल पोचवावे, रात्री-अपरात्री हाक आली की उठावे, आणि मोबदला 'हक्क' या नावाने मिळत असला तरी तो पदर पसरून मागावा, अशी रीत होती. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनातील गाव जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातील आहे. तेथील आणि जुन्नर-आंबेगावातील गावगाडा काही निराळा नव्हता.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १८७४ च्या कायद्याने वतनदार महाराच्या केवळ एका माणसावर नव्हे तर साऱ्या कुटुंबावर सेवेचे बंधन येत होते, आणि मोबदला मात्र नाममात्र होता. वतनाची जमीन हे भूषण नसून साखळी आहे, हे त्यांनी आपल्याच समाजाला समजावून सांगितले. ते सांगणे विधिमंडळात बोलण्यापेक्षा अवघड होते. १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या निबंधात त्यांनी याचे तत्त्व मांडले : जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही चढत्या-उतरत्या श्रेणीची. येथे नवसनातनवादी विचार आणि ग्रामजीवनाचे गुणगान करणारा विचार, दोन्ही एकदमच निरुत्तर होतात.

नवसनातनवादी कल्याणशास्त्राची कसोटी पारेटो यांच्या नावाने ओळखली जाते. कोणाचेही नुकसान न होता निदान एकाचा लाभ होत असेल तर तो बदल निःशंक चांगला. आता ही कसोटी वतनाला लावून पाहावी. वतन मोडल्याने महाराचा लाभ होतो, पण पाटलाला फुकटात मिळणारी सेवा बंद होते; म्हणजे एकाचे नुकसान होते. तेव्हा वतन मोडणे चांगले की वाईट, यावर ही कसोटी मौन धरते. जातिव्यवस्थेचा प्रत्येक बदल कोणाचे तरी काही काढून घेतोच. म्हणून जी कसोटी वरच्याचे नुकसान टाळण्यास पहिले स्थान देते, तिच्या हिशेबात समतेचा कोणताच लढा बसत नाही.

स्पर्धेने भेदभाव आपोआप झिजून जाईल, अशीही एक आशा या संप्रदायात आहे. गॅरी बेकर यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात असे मांडले की, भेदभाव करणारा मालक स्वतःच्याच नफ्याला मुकतो. तार्किकदृष्ट्या हे आकर्षक आहे. परंतु जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७६ मध्ये त्याच संप्रदायाची हत्यारे वापरून उलट दाखविले. जातीचा नियम मोडणाऱ्यावर इतर सर्व बहिष्कार घालतील, अशी प्रत्येकाला भीती असेल, तर मनातून जात न मानणारा मनुष्यही नियम पाळतो आणि ही व्यवस्था स्थिर समतोल म्हणून टिकते. ज्यांनी गावातील सामाजिक बहिष्कार पाहिला आहे त्यांना हे सांगण्यासाठी गणिताची आवश्यकता नव्हती; तरी ते गणितात मांडले गेले हे बरे झाले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तर आधुनिक खासगी कंपन्यांतही समान पात्रतेच्या अर्जांपैकी दलित आडनावाच्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे कमी येते, हे उघड केले.

पर्यायांची परीक्षा

मुख्य प्रवाहाबाहेरचे विचार अनेक आहेत. सर्वांचा परामर्श येथे घेणे शक्य नाही. मार्क्स आपल्या वाचकांस परिचित आहेत आणि त्यांच्याविषयी बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखनात काय म्हटले तेही परिचित आहे. कार्ल पोलानी यांनी १९४४ च्या ग्रंथात दाखविले की जमीन, श्रम आणि पैसा या विक्रीसाठी निर्माण झालेल्या वस्तू नव्हेतच. त्यांना तशा मानल्यामुळे समाजच बाजाराचा अंकित होतो. अमर्त्य सेन यांनी १९७७ मध्ये, केवळ स्वार्थाचा हिशेब करणारा 'तर्कशुद्ध' मनुष्य हा वास्तविक सामाजिकदृष्ट्या मूर्ख ठरेल, अशी मार्मिक टीका केली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या ग्रंथात जंगल, पाणी, मासेमारी अशी सामाईक साधने लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात हे जगभरच्या उदाहरणांनी सिद्ध केले. २००९ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

शूमाखर यांचा उल्लेख थोड्या विस्ताराने करावा लागेल, कारण 'बौद्ध अर्थशास्त्र' हा शब्द जगात रूढ झाला तो त्यांच्यामुळे. १९५५ मध्ये ब्रह्मदेशाच्या शासनाचे सल्लागार म्हणून गेले असता त्यांना हा विषय सुचला. त्यांचा निबंध १९६६ मध्ये आणि 'स्मॉल इज ब्यूटिफुल' हा ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. काम हे केवळ कष्ट नसून मनुष्याच्या विकासाचे साधन आहे, आणि कमीत कमी उपभोगातून अधिकाधिक कल्याण साधणे हे ध्येय असावे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पसंती कोठून येतात याची चौकशी करू नये म्हणणाऱ्या शास्त्राला, तण्हेची चिकित्सा करणाऱ्या धम्माची त्यांनी आठवण करून दिली, हे त्यांचे मोठे कार्य होय. तथापि जे. सी. कुमारप्पांच्या मार्गाने त्यांच्या विचारात गांधीवादी ग्रामकल्पनाही शिरली आहे. साधेपणाचा हा उपदेश मुंबईच्या श्रीमंत ग्राहकाला योग्य आहे. आंबेगावच्या भूमिहीन बौद्धाला तो करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व पटविण्यासारखे आहे. १९५० मध्ये महाबोधि सोसायटीच्या मासिकात लिहिताना बाबासाहेबांनी खऱ्या धर्माची एक अट स्पष्ट सांगितली होती : त्याने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये.

ही अट त्रिपिटकाशी पूर्णपणे सुसंगत आहे. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात तथागतांनी गृहस्थाचे दारिद्र्य हे दुःखच मानले आहे आणि दारिद्र्यातून कर्ज, कर्जातून व्याज, व्याजातून तगादा आणि शेवटी बंधन, अशी साखळी सांगितली आहे. अनाथपिण्डिकाला सांगितलेली गृहस्थाची चार सुखे पाहिली तर अत्थिसुख आणि भोगसुख, म्हणजे संपत्ती असण्याचे व ती उपभोगण्याचे सुख, प्रथम येतात. त्यानंतर अनणसुख, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, आणि सर्वांत श्रेष्ठ अनवज्जसुख, निर्दोष आचरणाचे. कूटदन्त सुत्तातील पुरोहित चोऱ्यामाऱ्यांनी त्रस्त झालेल्या राजा महाविजिताला शिक्षा वाढविण्याचा सल्ला देत नाही. शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्यावे, असे सांगतो. आजच्या भाषेत हे सार्वजनिक गुंतवणुकीचे धोरण होय.

मानमोडीचे शिलालेख

सुत्ते हा उपदेश झाला. त्याला अनुसरून प्रत्यक्ष व्यवहार कसा होता याचा पुरावा जुन्नरच्या डोंगरांत कोरलेला आहे. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या समूहांत मिळून दोनशेंहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्रीचे सातव्या क्रमांकाचे विशाल विहार आज गिरिजात्मज गणपतीचे स्थान म्हणून ओळखले जाते, हे वाचकांना ठाऊक आहेच. त्याच्या शेजारचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या उपासकाने दिले असे तेथील शिलालेखात आहे. नाणेघाटाने कोकणातून वर येणारा व्यापारी मार्ग जुन्नरवरून जात असे, म्हणून दात्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, इरिल आणि चिट यांसारखे यवन आहेत, आणि महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम हाही आहे. वर्ष ४६ मध्ये त्याने पाण्याचे टाके आणि मंडप दिला.

धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे धञ्ञिक सेनीने, सात खोल्यांचे लेणे व टाके दिल्याची नोंद जुन्नरला आहे. आडुथुम नावाच्या शक उपासकाने दोन शेतांचे उत्पन्न कोणाचिक येथील श्रेणीकडे सोपविले : वडालिका गावातील २० निवर्तने करंजाची झाडे लावण्यासाठी आणि कटपुटक गावातील ९ निवर्तने वडाची झाडे लावण्यासाठी. आमच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा आहे तो वंशकार आणि कांस्यकार यांच्या श्रेणींचा लेख. दानाचा मासिक लाभ या दोन श्रेणींकडून मिळावयाचा, असा त्याचा आशय आहे. वंशकार म्हणजे बांबूचे काम करणारे, आजच्या शब्दांत बुरूड. कांस्यकार म्हणजे कासार. संघाच्या कायम निर्वाहाचे द्रव्य बांबू विणणाऱ्यांच्या हाती विश्वासाने सोपविले जात होते. एका वाक्यात ते कासारांच्या बरोबरीने उभे आहेत. पुढे ब्राह्मणी समाजरचनेत हे दोन व्यवसाय एकमेकांपासून किती दूर फेकले गेले हे सांगावयास नको. बुरूड समाज आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे.

ही ठेव कशी चालत असे, हे नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या लेखावरून अधिक स्पष्ट होते. तो नहपानाचाच जावई. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीत २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने, आणि दुसऱ्या श्रेणीत १००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ वाढ उपभोगावयाची, अशी अट आहे; यालाच अक्षयनीवी म्हणत. वीस भिक्खूंना वर्षावासात प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावेत, अशी योजना आहे. हिशेब करून पाहावा : २००० वर वर्षाला २४० कार्षापण व्याज होते आणि वीस भिक्खूंचे १२ प्रमाणे २४० च होतात. एका कार्षापणाचाही फरक नाही. हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि फलकावर नोंदविला गेला, हेही त्यात लिहिले आहे.

नवसनातनवादी अभ्यासक म्हणेल की यात नवे काय, हा ठेवीचा करार आहे आणि व्याजदर हा किमतीचाच प्रकार आहे. ते काही अंशी खरेही आहे. व्याज आहे, दर आहे, हिशेब आहे. धम्माने बाजार नाकारला नव्हता. पण भांडवल कोणाकडे गेले ते पाहावे. ते सावकाराकडे किंवा राजाच्या कोषात न जाता कारागिरांच्या संघटनेकडे गेले. सूत आणि बांबू विकत घेण्यास त्यांना त्याचा उपयोग झाला असला पाहिजे. व्याज देऊन उरलेली कमाई त्यांची होती. मुद्दल कायमचे त्यांच्याजवळ राहणार असल्यामुळे तगाद्याची भीतीही नव्हती. इण सुत्तातील साखळी येथे पहिल्याच कडीशी तुटते.

या काळाचे सुवर्णयुग करण्याची मात्र आमची इच्छा नाही. याच उषवदाताने ब्राह्मणांना तीन लाख गायी दिल्याचीही नोंद आहे. नाणेघाटातील नागनिकेच्या लेखात तर वैदिक यज्ञांच्या दक्षिणेपोटी हजारो गायी आणि कार्षापण दिल्याची लांबलचक यादी आहे. राजकुळांचे हे धन कर, जकात आणि लढायांतून आले होते. लेण्यांवर दात्यांची नावे आहेत. छिन्नी चालविणाऱ्यांची नाहीत. श्रेणींचे शिलालेख आम्ही नमुना म्हणून नव्हे, तर एका विशिष्ट गोष्टीचा पुरावा म्हणून वाचतो. श्रमिकांच्या संघटनेकडे भांडवल, सर्वांसमोर वाचलेला हिशेब आणि याचना न करता मिळणारा वाटा, या तीन गोष्टी येथे एकत्र नांदल्या होत्या. बलुत्यात यांपैकी एकही नव्हती.

डिंभे आणि पडकई

हीच दृष्टी घेऊन आंबेगावच्या पश्चिम भागात जावे. घोड नदीवरील डिंभे धरण हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक. ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गाव त्याच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. जमिनी गेल्या त्या प्रामुख्याने महादेव कोळी आदिवासींच्या. पाणी गेले ते पूर्वेकडील बागायतीला. अशा प्रकल्पांचे समर्थन ज्या तत्त्वाने केले जाते ते काल्डोर आणि हिक्स यांनी १९३९ मध्ये मांडले : ज्यांचा लाभ झाला ते नुकसान झालेल्यांची भरपाई करूनही फायद्यात राहू शकत असतील, तर प्रकल्प योग्य. यातील 'शकत असतील' हे शब्द महत्त्वाचे आहेत. भरपाई प्रत्यक्ष झालीच पाहिजे, असे हे तत्त्व म्हणत नाही. कागदावर ती होऊ शकते, एवढे त्यास पुरते. डिंभ्याच्या काठावरील माणसाला या फरकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

येथे आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेच्या साह्याने विस्थापितांनी जलाशयात मासेमारीसाठी आपली सहकारी संस्था उभी केली आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर गाळपेर करण्याचा हक्क मिळविण्याचा प्रयत्न केला. ऑस्ट्रॉम यांनी वर्णिलेली सामाईक साधनांची व्यवस्था ती हीच. जो जलाशय त्यांचे सर्वस्व घेऊन गेला त्यातूनच त्यांनी वाटा मागितला, आणि तो दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून मागितला.

याच डोंगरपट्ट्यात पडकई नावाची जुनी रीत आहे. उतारावरची जमीन सपाट करून, बांध घालून भातखाचर करावयाचे काम एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणून अनेक घरची माणसे एकत्र येऊन आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या शेतावर राबतात. सपाटीवरच्या गावांत सावड आणि इर्जिक या नावांनी असेच प्रकार चालत. पुढे शासनानेही पडकईच्या नावाने कार्यक्रम राबविला. बलुत्याप्रमाणे यातही पैसा नाही. पण येथे प्रत्येकाचा दिवस प्रत्येकाच्या दिवसाइतकाच मोलाचा असतो. एकाने आयुष्यभर राबावे आणि दुसऱ्याने आयुष्यभर राबवून घ्यावे, असे त्यात नाही. बाजाराबाहेरच्या दोन व्यवस्थांत केवढे अंतर असू शकते हे यावरून ध्यानी येईल. तरीही पडकईची मर्यादा सांगितली पाहिजे. ज्याला स्वतःची जमीन आहे त्यालाच त्या श्रमाची परतफेड शेताच्या रूपाने मिळते; भूमिहीनाला या वर्तुळात जागा नाही.

वतन जमिनीचा प्रश्न

आणि भूमिहीनाचा, किंवा नावापुरत्या जमिनीच्या मालकाचा, प्रश्न आपल्या समाजाचा आहे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि सेवेचे बंधन संपले. जमीन पूर्वीच्या वतनदाराला शेतसाऱ्याच्या तिप्पट रक्कम भरून परत मिळण्याची सोय झाली. मात्र ती नव्या व अविभाज्य शर्तीने, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता न येणारी. पुणे-नाशिक महामार्गामुळे मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात जमिनीचे भाव चढले आहेत. अशा वेळी ही शर्त असावी की नसावी?

नवसनातनवादी उत्तर सरळ आहे. शर्त काढावी, जमीन मोकळी करावी; भाव वाढेल, मालकाचा लाभ होईल. हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. शर्तीमुळे या जमिनीवर बँका सहज कर्ज देत नाहीत, हे खरे आहे, आणि आमच्या माणसाने मात्र जमीन विकू नये हा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे. पण जमीन विकणारा बहुधा गुंतवणुकीसाठी विकत नाही. आजारपण, लग्न किंवा कर्ज यांसाठी विकतो, एकेकटा विकतो, अनेक वारसांपैकी एकाच्या सहीवर विकतो, आणि भाव ठरतो तो त्याच्या निकडीवर. पुस्तकातील स्वेच्छेचा विनिमय येथे पुन्हा नारायणगावच्या मजूर बाईच्या स्वेच्छेसारखाच होतो.

आमच्या मते तिसरा मार्ग तपासून पाहण्यासारखा आहे. गावातील वतन जमिनीच्या सर्व वारसांनी सहकारी संस्था करावी, जमीन विकू नये, ती एकत्र कसावी किंवा ठरावीक मुदतीने खंडाने द्यावी, आणि उत्पन्न हिश्शाप्रमाणे वाटावे. मुद्दल अढळ ठेवून वाढ उपभोगावयाची, हे अक्षयनीवीचे तत्त्व. आणि सामुदायिक शेती ही बाबासाहेबांच्या १९४७ च्या योजनेची मागणी. दोहोंचा मेळ येथे बसतो. सहकारी संस्था कशा बुडतात हे महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ज्या संस्थेचा हिशेब चार माणसांच्या कपाटात राहतो ती बुडते. म्हणून गोवर्धनच्या निगमसभेप्रमाणे दर पौर्णिमेस विहारात हिशेब मोठ्याने वाचला जावा आणि भिंतीवर लावला जावा. मुली व सुना यांचा हिस्सा वारस नोंदीत प्रथमपासून धरला जावा, नाही तर जुनीच उतरंड नव्या नावाने उभी राहील.

जुन्नर-आंबेगावातील विहारांनी या कामाचा आरंभ एका साध्या नोंदवहीपासून करावा. तलाठी कार्यालयातून सातबारा आणि फेरफाराचे उतारे काढून कोणत्या गावी किती वतन जमीन उरली आहे, ती आज कोणाच्या वहिवाटीत आहे, तिच्यावर कोणाचा बोजा आहे आणि किती वारसांची नावे लागावयाची राहिली आहेत, एवढे तरी येत्या वर्षावासात लिहून काढता येईल.